नांदूर मध्यमेश्वरला मुलांना नेताय? या चुका टाळा

डिसेंबर-जानेवारीतल्या रविवारी साडेदहाच्या सुमारास नांदूर मध्यमेश्वर पक्षी अभयारण्यातल्या चापडगावच्या निरीक्षण मनोऱ्यावर एकच प्रश्न ऐकू येतो: "पक्षी कुठायत?" पक्षी समोरच असतात. पण तोवर थापटे आणि तलवार बदकं पाठीत चोच खुपसून झोपलेली असतात, ऊन तापल्यामुळे दुर्बिणीतलं चित्र थरथरत असतं आणि पाच वर्षांच्या पोराला नुसते तपकिरी ठिपके दिसतात. नाशिकहून साधारण तासाभराचा रस्ता आहे. साडेपाचला निघा म्हणजे सूर्योदयाच्या आत पोहोचाल. "मुलं एवढ्या लवकर उठत नाहीत" ही सबब पटण्यासारखी नाही. झोपलेल्या मुलाला शालीत गुंडाळून गाडीत ठेवता येतं.

सगळ्यात वाईट चूक म्हणजे पक्षी उडवणं. हा प्रकार दर हिवाळ्यात घडतो, आणि बहुतेक वेळा त्याची सुरुवात मोठी माणसंच करतात. पाण्याच्या कडेला वारकऱ्यांचा (हा बदकासारखा काळा पाणपक्षी) थवा चरत असतो. वडील मोबाइल सरसावतात आणि मुलाला सांगतात, "पळ तिकडे, उडव त्यांना!" पोरगं टाळ्या वाजवत धावतं. वारकरी पाण्यावरून धडपडत पळत सुटतात, त्यांच्या गडबडीने मागची बदकं सरळ वर उठतात आणि सगळा थवा लांबच्या काठाला जाऊन बसतो. व्हिडिओ दहा सेकंदांचा होतो. मनोऱ्यावर पहाटेपासून बसलेल्या बाकीच्या मुलांची सकाळ मात्र वाया जाते, कारण ती बदकं पुन्हा जवळ येतीलच याची खात्री नसते. यातली बरीच बदकं मध्य आशिया-सायबेरियाकडून आलेली असतात. परतीच्या प्रवासासाठी अंगात चरबी साठवण्याचे त्यांचे हेच दिवस असतात, आणि प्रत्येक विनाकारण उड्डाणात ती खर्च होते. दगड मारणं, "हुर्र" करणं, मोबाइलवर पक्ष्याचा आवाज लावून त्याला बोलावणं, हे सगळं त्याच जातीचं.

यावर उपाय म्हणजे पाण्यापासून वीसेक पावलांवर थांबायचं आणि मुलाला खाली बसवायचं. उभ्या, हलत्या माणसापेक्षा बसलेल्या माणसाला पक्षी लवकर सरावतात. कपडे खाकी, मातकट किंवा गडद हिरवे असावेत, पांढरे आणि भडक नकोत. चूं-चूं वाजणारे किंवा लुकलुकणारे बूट घरीच ठेवा.

दुसरी चूक दुर्बिणीची. बाबांची मोठी 10x50 दुर्बीण (दहापट मोठं दाखवणारी, 50 मिलिमीटरच्या भिंगांची) मुलाच्या गळ्यात अडकवतात आणि वर "दिसलं का? दिसलं का?" चालू असतं. दिसणार कसं? लहान मुलाच्या डोळ्यांतल्या दोन बाहुल्यांमधलं अंतर 50 मिलिमीटरच्या आसपास असतं आणि मोठ्यांच्या बऱ्याच दुर्बिणी तेवढ्या मिटतच नाहीत. त्यामुळे दोन अर्धवट गोल आणि मधे काळं दिसतं. मूल कंटाळून "हो" म्हणतं. त्यापेक्षा दोन बिजागऱ्यांची, पुरती मिटणारी 8x21 घ्या. नसेल तर एकाच नळीतून पाहू द्या. आधी नुसत्या डोळ्यांनी पक्षी शोधायला लावा, नजर तिथेच ठेवून मग दुर्बीण डोळ्याला. सहा वर्षांखालच्या मुलांसाठी मात्र स्पॉटिंग स्कोपच (तिकाटण्यावर, म्हणजे ट्रायपॉडवर, बसवलेली एकनळी दुर्बीण) बरा. स्थानिक गाईड घेताना त्याच्याकडे स्कोप आहे ना, ते आधी विचारा. तिकाटणं मुलाच्या उंचीला उतरवून घ्या, कारण कडेवरून वाकलेलं मूल हमखास स्कोपला धक्का देतं.

थंडी हलक्यात घेऊ नका. राज्यातलं सर्वांत कमी तापमान बरेचदा इथल्याच निफाड तालुक्यात नोंदलं जातं. कानटोपी, हातमोजे हवेतच, आणि एका जाड जाकिटाऐवजी तीन पातळ थर घाला, म्हणजे दहा वाजता एकेक उतरवता येतील.

खाऊ कुरकुरीत पाकिटातला नको. दशमी, केळी, चिक्की डब्यात न्या. पक्ष्यांना पाव-फरसाण अजिबात टाकू नका.

काठावरच्या हिरव्या गालिच्यावर मुलाला पाऊल टाकू देऊ नका. गोदावरी आणि कादवेच्या संगमावरच्या या जुन्या बंधाऱ्यामागे वर्षानुवर्षं गाळ साचलाय. त्या उथळ पाण्यामुळेच इथे एवढे पक्षी येतात, पण वरच्या पाणवेलींखाली पाय रुततो.

मनोऱ्यावर एका मुलामागे एक मोठा माणूस हवाच.

रोहित (फ्लेमिंगो) दाखवण्याचं वचन घरून देऊन निघू नका. तो दिसेलच असं नाही, आणि मग समोरची सगळी बदकं मुलाला फुकाची वाटतात. पहिल्या खेपेला जवळचे, ठळक पक्षी पुरेत: लाल लांब पायांचा शेकाट्या, पानांवरून चालणारा कमळपक्षी, जांभळी पाणकोंबडी, वारकरी. नावं घोकून घेऊ नका. शेवटच्या दोघांत गोंधळ झालाच तर चोच पाहायला सांगा. पाणकोंबडीची लाल, वारकऱ्याची पांढरी.