गावाकडच्या राज्य महामार्गाचा इतिहास कसा शोधायचा

आधी रस्त्याकडेचा मैलाचा दगड बघा. डोकं हिरवं म्हणजे राज्य महामार्ग, पिवळं म्हणजे राष्ट्रीय, पण रस्ता वरच्या दर्जात गेला की दगडाचा रंग आणि नंबर दोन्ही बदलतात, त्यात २०१० ला राष्ट्रीय महामार्गांचे नंबर नव्याने दिले, म्हणून नुसता आजचा नंबर घेऊन सर्च करत बसू नका, रस्त्यावरच्या दोन गावांची नावं टाका. राष्ट्रीय, राज्य, जिल्हा, ग्रामीण ही वर्गवारी १९४३ च्या नागपूर प्लॅनची, म्हणजे देशभरातल्या रस्त्यांच्या आराखड्याची, त्यामुळे त्याआधीच्या कागदात 'राज्य महामार्ग' शोधून काही हाती लागणार नाही.

मग जुना ब्रिटिशकालीन जिल्हा गॅझेटिअर, म्हणजे जिल्ह्याची सगळी माहिती देणारा सरकारी ग्रंथ, उघडा. ऑनलाइन मिळतात, आणि मला तर हेच सगळ्यात मोठं घबाड वाटतं, व्यापाराच्या प्रकरणात रस्ते, घाट, कुठला माल कुठे जायचा सगळं येतं. सोबत सर्व्हे ऑफ इंडियाचे एक इंचाला एक मैलवाले जुने नकाशे आणि आजचा सॅटेलाइट व्ह्यू शेजारी शेजारी लावा.

पण खरी मजा प्रत्यक्ष जाण्यात आहे. बायपासवरून सुसाट जाऊ नका, गावात शिरा, जुना रस्ता बहुतेक बाजारपेठेतूनच जातो. नव्या पुलाच्या शेजारी दगडी कमानींचा अरुंद पूल दिसला तर उतरून कठडा नीट बघा, कधी कधी बांधल्याचं साल कोरलेलं असतं. शेतात मधेच वडांची सरळ रांग दिसली तर बांधावरच्या म्हाताऱ्यांना विचारा, रस्ता आधी तिथून जायचा का.