फुटपाथवर दुकानाचा बोर्ड ठेवायचाय? आधी टेप काढा, मग पेंटरला फोन करा

दुकानाबाहेर तो दोन पायांचा घडीचा बोर्ड ठेवतात ना, ज्याला कोणी ए-बोर्ड म्हणतं कोणी सँडविच बोर्ड, तो घ्यायचं ठरलं की बहुतेक जण थेट डिझाईनला लागतात. पेंटर गाठला, रंग ठरले, बोर्ड तयार होऊन आला आणि मग फुटपाथवर बोर्ड ठेवायच्या परमिटचा फॉर्म हातात घेतल्यावर कळतं की बोर्ड चार इंचांनी रुंद झालाय किंवा आपल्या फुटपाथवर तो बसतच नाही. पैसे गेले ते गेलेच. म्हणून सांगतो, पहिलं काम मोजमाप, बोर्ड सगळ्यात शेवटी.

एक गोष्ट आधीच डोक्यात पक्की करा, दुकानासमोरचा फुटपाथ तुमचा नसतो, रोज तुम्हीच झाडत असलात तरी. परमिट म्हणजे शहराने, म्हणजे तिथल्या पालिकेने, दिलेली तात्पुरती मुभा, ती परत घेता येते आणि रस्त्याचं काम, मिरवणूक, पाइपलाइन काही निघालं की बोर्ड गुपचूप आत घ्यावा लागतो. पण कधीकधी उलटंही असतं, तुमच्या जागेची हद्द भिंतीच्या थोडी पुढेपर्यंत येते. हद्दीचा नकाशा बघा, कारण बोर्ड पूर्ण स्वतःच्या हद्दीत बसत असेल तर फुटपाथच्या परमिटचा प्रश्नच येत नाही, बोर्डाचे बाकीचे नियम मात्र तरीही लागू शकतात, तेवढं ऑफिसात विचारून घ्या.

आता मोजमाप. फुटपाथची पूर्ण रुंदी मोजून उपयोग नाही, माणसाला चालायला मोकळी जागा किती उरते ते मोजायचं. म्हणजे विजेचा खांब, झाडाचं आळं, बाक, कचराकुंडी, नेहमी लागणाऱ्या सायकली हे सगळं वजा करा, त्यातून बोर्डाची रुंदी वजा करा (बोर्ड उघडल्यावर पाय जेवढे फाकतात तेही धरा, ते लोक विसरतात), मग उरलं ते खरं माप. आणि हे गर्दीच्या वेळी करा, सकाळी सातला फुटपाथ सगळ्यांचाच रुंद दिसतो.

किती उरायला हवं? प्रत्येक शहराचा आकडा वेगळा, पण अंदाज यावा म्हणून सांगतो. अमेरिकेत २०१० च्या अपंगांसाठीच्या मानकांत चालायच्या वाटेची कमीत कमी मोकळी रुंदी ३६ इंच आहे, आणि वाट ६० इंचांपेक्षा अरुंद असेल तर दर २०० फुटांच्या आत दोन व्हीलचेअर एकमेकींना ओलांडू शकतील अशी जागा लागते. २०२३ मध्ये तिथे सार्वजनिक रस्त्यांच्या फुटपाथसाठी वेगळी मार्गदर्शक तत्त्वं आली त्यात हा आकडा ४८ इंच झाला. ब्रिटनच्या वाहतूक खात्याची मार्गदर्शिका २ मीटर मागते आणि ते जमत नसेल तर दीड मीटर. म्हणजे ३६ इंच हा अगदी तळाचा आकडा आहे, तेवढं सुटतंय म्हणून खूश होऊ नका, तुमच्या शहराचा नियम बहुतेक त्याहून जास्त मागेल आणि माझ्या मते मागायलाच हवं. बाबागाडी ढकलत येणारी बाई आणि समोरून येणारी व्हीलचेअर, दोघांपैकी कोणालाही रस्त्यावर उतरावं लागलं तर तुमचा बोर्ड चुकीच्या जागी आहे.

जागा कुठली निवडायची यावर खूप गोंधळ होतो. काही शहरं सांगतात बोर्ड भिंतीला चिकटवून ठेवा, काही सांगतात रस्त्याच्या कडेच्या बाजूला, जिथे खांब-झाडं असतात त्या पट्ट्यात ठेवा. दुसऱ्यामागचं कारण समजून घेण्यासारखं आहे, बरेच अंध लोक भिंतीच्या कडेने काठी टेकवत चालतात, ती कड हीच त्यांची वाट, तिथे अचानक बोर्ड आला की वाटच तुटते. रस्त्याच्या बाजूला ठेवलात तर मग गाडीचं दार उघडायला जागा राहतेय का बघा. कोपऱ्यावर नको, वळणाऱ्या ड्रायव्हरला समोरचं दिसत नाही. रॅम्प, झेब्रा क्रॉसिंग, बस स्टॉप, अग्निशमनाचा नळ, इमारतीतून बाहेर पडायचा दरवाजा, आणि अंध लोकांना पायाला-काठीला वाट कळावी म्हणून लावलेल्या त्या उठावाच्या पिवळ्या टाइल्स, यांच्यापासून लांब. टाइल्सवर तर चुकूनही नाही.

बोर्ड कसा असावा हे आता. दोन फूट रुंद आणि तीन-चार फूट उंच ही सर्वसाधारण मर्यादा बऱ्याच ठिकाणी दिसते पण तुमच्या शहराची बघूनच ऑर्डर द्या. वाऱ्याने पडता कामा नये, त्यासाठी खाली वाळूची पिशवी किंवा पाणी भरायचा बेस चालतो, खांबाला साखळीने बांधणं सहसा चालत नाही, फुटपाथला भोक पाडून बोल्ट मारणं तर नाहीच, मग तो पोर्टेबल राहिलाच कुठे. लाइट, फुगे, फिरणारं काही, चमकणारा कागद, काच हे टाळा. आणि खालच्या बाजूकडे खास लक्ष द्या. अमेरिकन मानकांत २७ इंचांच्या वर जिची खालची कड सुरू होते ती वस्तू काठीला सापडत नाही असं धरतात. ए-बोर्डाचं अजून एक, बाजूने येणाऱ्याची काठी दोन पायांच्या मधून आरपार जाते, काठीला काही लागत नाही आणि सरळ गुडघाच आपटतो. दोन्ही बाजूंना पायांना जोडणारी आडवी पट्टी जमिनीलगत लावून घ्या, सुताराचं दहा मिनिटांचं काम आहे. रंग फुटपाथपेक्षा उठून दिसेल असा घ्या, कमी दिसणाऱ्यांना त्याचा उपयोग होतो.

कागदपत्रं साधारण अशी लागतात: भरलेला अर्ज, व्यवसायाचा परवाना, जागा भाड्याची असेल तर मालकाचं ना-हरकत पत्र, बोर्डाचं चित्र मापांसकट, जागेचे फोटो आणि एक स्केच. स्केच हाताने काढलेलं चालतं बऱ्याचदा, पण त्यात भिंत, रस्त्याची कड, आजूबाजूचे खांब आणि उरलेली मोकळी रुंदी आकड्यात लिहा. अर्ज परत येतो तो बहुतेक वेळा स्केचमुळेच.

सगळ्यात वेळ खातो तो विमा. कोणी बोर्डाला अडखळून पडलं तर भरपाई कोण देणार म्हणून बरीच शहरं जबाबदारीचा विमा मागतात आणि त्या पॉलिसीत शहराचं नावही विमाधारक म्हणून जोडून हवं असतं. तुमच्याकडे पॉलिसी आधीच असेल तरी हे नाव जोडल्याचं पत्र वेगळं मागवावं लागतं, म्हणून अर्ज भरायच्या आधी विमा एजंटला फोन करा. पॉलिसीची तारीख संपली की परमिटही अडकतं, दोन्हीच्या तारखा एकत्र लिहून ठेवा.

परमिट मिळालं की त्याचं स्टिकर असेल तर बोर्डावर लावा, प्रत कॅश काउंटरपाशी ठेवा. दुकान बंद केलं की बोर्ड आत, रोज. ठरलेल्या जागेवर खडूची बारीक खूण करून ठेवा (शहराला चालत असेल तर) म्हणजे सकाळी जो पोरगा बोर्ड बाहेर काढतो तो दरवेळी वेगळीकडे ठेवणार नाही, खरंतर बहुतेक तक्रारी यातूनच होतात, बोर्ड महिन्याभरात हळूहळू वाटेच्या मध्ये सरकतो आणि मालकाला पत्ताच नसतो.

आणि हे नियम नुसते कागदावर राहत नाहीत. ब्रिटनमध्ये यॉर्कने २०१७ मध्ये आणि एडिनबर्गने २०१८ मध्ये फुटपाथवरचे असे बोर्ड बंदच केले. तुमच्या शहरातही काही रस्त्यांवर सरसकट बंदी असू शकते, ते अर्जाच्या आधी विचारा.

नकार आलाच तर कारण लेखी मागा. मोकळी रुंदी कमी पडत असेल तर अरुंद बोर्ड किंवा दुसरी जागा दाखवून पुन्हा अर्ज करता येतो, शेजारच्या दोन-तीन दुकानांनी मिळून एकच बोर्ड चालेल का तेही विचारा. फुटपाथच मुळात अरुंद असेल तर मात्र हट्ट सोडा आणि भिंतीतून बाहेर येणारी आडवी पाटी डोक्याच्या वर लावायची परवानगी काढा, ती वेगळी असते, तिचा फॉर्मही वेगळा.