शुगर वाढलेली दिसली की आधी हात धुवा, मग तोंडात बघा: या चुका टाळा

आईची उपाशीपोटीची शुगर वर्षभर 120-130 च्या आसपास असायची. गेल्या पावसाळ्यात ती 170-180 दिसायला लागली. गोळ्या त्याच, जेवण तेच, संध्याकाळचं चालणंही चालू. आम्ही तिचा भात कमी केला, आंबावडीचा डबा कपाटातून हलवला आणि शेवटी वैतागून तिलाच विचारलं, "चोरून काही खातेस का?" त्या प्रश्नाचं मला आजही वाईट वाटतं. तीन आठवड्यांनी माझ्या लक्षात आलं की ती भाकरीचा कडक पापुद्रा काढून ताटाच्या कडेला ठेवते, मऊ भाग दुधात कुस्करते आणि डाव्याच बाजूने चावते. उजवीकडच्या खालच्या दाढेभोवतीची हिरडी फुगली होती. बोटाने दाबली की पू यायचा. दुखत नव्हतं, म्हणून ती बोलली नव्हती.

दुखत नाही म्हणजे काही नाही, ही पहिली चूक. हिरड्यांचा आजार बहुतेक वेळा दुखत नाही. ब्रशला रक्त लागतं, तोंडाला वास येतो, दात पूर्वीपेक्षा लांब दिसतात, दोन दातांत फट पडते आणि तिथे पालेभाजी अडकायला लागते. 1993 साली हॅराल्ड लोए या दंतशास्त्रज्ञाने हिरड्यांच्या आजाराला मधुमेहाची सहावी गुंतागुंत म्हटलं होतं. तरी आपल्याकडे मधुमेह म्हटला की डोळे, किडनी आणि पाय तपासायचं लक्षात राहतं, तोंड राहून जातं. खरं तर हे दोन्ही बाजूंनी चालतं. शुगर जास्त राहिली की हिरड्या संसर्गाला तोंड देऊ शकत नाहीत आणि जखम लवकर भरत नाही. उलट हिरडीत सूज आणि पू असला की शरीरात इन्सुलिनचा परिणाम कमी होतो आणि शुगर चढते. वैद्यकीय संशोधनं एकत्र करून तपासणाऱ्या कॉक्रेन या संस्थेच्या 2022 च्या आढाव्यात हिरड्यांवर नीट उपचार केल्यावर तीन-चार महिन्यांत एचबीएवनसी, म्हणजे तीन महिन्यांच्या सरासरी शुगरचा आकडा, सरासरी 0.43 टक्क्याने उतरलेलं दिसलं. आकडा छोटा वाटेल, पण 7.6 आणि 7.2 यांच्यात तेवढंच अंतर असतं, आणि तेवढ्यासाठी कित्येकांची गोळी वाढते.

आधी शुगर मोजायच्या मशीनचा आकडा खरा आहे का ते बघा

आकडा चुकीचा असेल तर पुढचं सगळंच चुकतं. सगळ्यात जास्त होणारी चूक म्हणजे न धुतलेला हात. आंबा चिरला, केळं सोललं, नातवाला बिस्कीट दिलं आणि तेच बोट टोचलं, की बोटावरची साखर रक्ताच्या थेंबात मिसळते. आमच्याकडे एकदा असाच 240 आकडा आला होता; हात धुऊन पुन्हा बघितलं तर 150. साबणाने हात धुवा आणि पूर्ण कोरडे करा. सॅनिटायझर चोळून ओल्या बोटाला सुई लावू नका, आणि त्याने फळाची साखर निघते असंही धरू नका. धुवायची सोयच नसेल तर पहिला थेंब पुसून दुसरा घ्या. थेंब येत नाही म्हणून बोट पिळू नका. कोमट पाण्यात हात धरा, हात खाली सोडा, आणि बोटाच्या मधोमध नाही तर कडेला टोचा. तिथे दुखतंही कमी.

दुसरी चूक स्ट्रिपची, म्हणजे रक्ताचा थेंब लावायच्या पट्टीची. डबीचं झाकण उघडं राहिलं की दमट हवेने स्ट्रिप खराब होतात, आणि कोकणातल्या किंवा मुंबईतल्या पावसाळ्यात तर लवकरच. बाथरूमच्या कपाटात नको, फ्रीजमध्ये नको. स्ट्रिप काढली की झाकण लगेच लावायचं, आणि डबी फोडल्याची तारीख पेनाने तिच्यावरच लिहायची.

मशीन आणि लॅब यांचा आकडा जुळत नाही म्हणून मशीन फेकून देणारेही आहेत. घरच्या मशीनसाठी जी आंतरराष्ट्रीय मोजपट्टी आहे, तिच्यात 100 च्या वर 15 टक्के इकडेतिकडे चालतं. लॅबमध्ये 200 आणि मशीनवर 180 आलं तर मशीन बिघडलेलं नाही. शिवाय जेवणानंतर बोटातलं रक्त शिरेतल्या रक्तापेक्षा जास्त शुगर दाखवतं, त्यामुळे पडताळायचं असेल तर उपाशीपोटी, एकाच वेळी पडताळा.

जेवणानंतरचे दोन तास पहिल्या घासापासून मोजायचे, जेवून हात धुतल्यापासून नाही. आणि तपासणीच्या आदल्या रात्री नुसतं सूप पिऊन रिपोर्ट चांगला आणू नका. डॉक्टर त्या रिपोर्टवर तुमचं औषध ठरवणार आहेत.

तीन महिन्यांच्या शुगरवरही डोळे झाकून विश्वास ठेवू नका. अंगात लोह कमी असेल तर एचबीएवनसी खऱ्यापेक्षा जास्त दिसू शकतं, आणि आपल्याकडच्या बायकांमध्ये हे खूप आढळतं. सिकलसेल हा रक्ताच्या लाल पेशींचा आनुवंशिक आजार असेल किंवा नुकतंच रक्त चढवलं असेल, तर ते फसवं कमी दिसू शकतं. विदर्भात आणि नंदुरबारकडे ज्यांच्या घरात सिकलसेल आहे, त्यांनी हे डॉक्टरांना आपणहून सांगावं.

दातांच्या दवाखान्यात जाताना

"दात काढायचाय, म्हणून सकाळपासून काही खाल्लं नाही, पण शुगरची गोळी घेतली." ही चूक धोक्याची आहे. फक्त हिरडी बधिर करून दात काढायचा असेल तर उपाशी राहायची गरज नसते. सकाळची वेळ घ्या, नेहमीचा नाश्ता करा, नेहमीचं औषध घ्या, मशीन सोबत न्या. पूर्ण भूल देणार असतील तरच उपाशी राहायचं, आणि तेव्हा गोळ्या-इन्सुलिनचं काय करायचं ते तुमच्या मधुमेहाच्या डॉक्टरांना आधी विचारायचं. घाम फुटला, हात थरथरले, आकडा 70 च्या खाली गेला, तर तीन चमचे साखर पाण्यात घालून प्या आणि 15 मिनिटांनी पुन्हा मोजा. दात किडेल म्हणून इथे साखर टाळायची नाही. शुगर वर आली की चूळ भरा.

दात काढल्यावरचं जेवण अनेकजण विसरतात. चावता येत नाही म्हणून जेवण टाळलं आणि इन्सुलिन मात्र पूर्ण घेतलं, तर रात्री शुगर उतरते. आधीच पेज, मऊ खिचडी, दही, वरण यांची सोय करून ठेवा.

"शुगर कमी झाली की मग दात दाखवू" हेही नको. पू आहे तोवर शुगर उतरायला तयार नसते, आणि शुगर चढलेली आहे तोवर हिरडी बरी होत नाही. यातून बाहेर पडायचं तर दोन्ही डॉक्टरांना एकाच वेळी कळलं पाहिजे. शुगरची वही दातांच्या डॉक्टरांना दाखवा आणि हिरडीची गोष्ट मधुमेहाच्या डॉक्टरांना सांगा. आईच्या बाबतीत आम्ही हेच तीन आठवडे उशिरा केलं. दाढेची सफाई झाली, पू निघाला, आणि महिनाभरात सकाळचा आकडा पुन्हा 130 वर आला, तोही भात परत सुरू करून.

घरातल्या काही सवयी

क्लीनिंग केलं की दात हलतात, हे मी कितीतरी जणांकडून ऐकलंय. दात आधीच सैल झालेले असतात. कीटणाच्या थराने ते धरून ठेवल्यासारखे वाटतात, एवढंच. तो थर हिरडी आणखी खाली ढकलत असतो.

मशेरीबद्दल मला कळकळीने सांगायचंय. गावाकडे कितीतरी बायका ती दात घासायचं साधन म्हणून लावतात, पण ती भाजलेली तंबाखू आहे. तंबाखूमुळे हिरडीतून रक्त येणं कमी होऊ शकतं, म्हणजे आजार आत वाढत असतो आणि बाहेरची खूण दिसत नाही. सुटत नसेल तर लाज न बाळगता डॉक्टरांना सांगा. दिवसातून किती वेळा लावता तेही सांगा.

दुखऱ्या हिरडीवर लवंगेचं तेल ओतू नका, तिथे चट्टा पडतो. कवळी रात्री काढून धुऊन पाण्यात ठेवा. ती घालून झोपलं की खाली बुरशी धरते आणि तोंडाची आग होते. तोंड सारखं कोरडं पडत असेल तर खडीसाखर चघळू नका, थोडं थोडं पाणी प्या आणि शुगर मोजा.

गालाची सूज जबड्याखाली उतरली, ताप आला, तोंड उघडेना किंवा गिळता येईना, तर सकाळपर्यंत थांबू नका. त्याच रात्री मोठ्या रुग्णालयात जा आणि दारातच सांगा की मधुमेह आहे.