प्रवाळांवर तरंगताना

मास्क पट्टा न लावता चेहऱ्याला टेकवा आणि नाकाने हलका श्वास ओढा; चिकटून राहिला तर तुमच्या मापाचा. काचेला आतून थुंकी चोळून विसळा, वाफ धरत नाही. पाठ भाजते, म्हणून लांब बाह्यांचा टीशर्ट घाला. जोडीदाराशिवाय उतरू नका.

अगदी ओहोटीत उथळ जागी मी कुणालाच नेत नाही, पोट प्रवाळाला घासतं. आडवे पडून पाय मांडीपासून सावकाश हलवा. उभं राहायचंच असेल तर वाळू शोधा. प्रवाळ दगडासारखा दिसला तरी जिवंत असतो. गोलसर जाती तर वर्षाला जेमतेम सेंटिमीटरभर वाढतात. एका लाथेत कित्येक वर्षांची वाढ जाते.

आता एका जागी थांबा आणि कान द्या. करकर ऐकू येते ती पोपटमाशाची. चोचीसारख्या दातांनी तो खडक खरवडून शेवाळ खातो आणि मागून पांढऱ्या वाळूचा ढग सोडतो. हे मी कितीही वेळ बघत राहते! एखादा मोठा मासा तोंड उघडून स्तब्ध दिसला तर हलू नका. बोटाएवढा निळा मासा त्याच्या कल्ल्यांतले परजीवी टिपत असतो.

कासव वर येत असेल तर बाजूला व्हा. त्याला श्वास घ्यायचा असतो.