चार फुटी टँकचा स्टँड: भार लाकडावर, स्क्रूवर नाही

माझा माशांचा टँक चार फूट लांब, दीड फूट रुंद आणि दोन फूट उंच आहे. म्हणजे 12 घनफूट. घनफुटाला 28 लिटरच्या वर पाणी बसतं, तेव्हा काठोकाठ भरला तर 340 किलो नुसतं पाणी. 10 मिलिमीटरची काच 65 किलो, तळाची वाळू-दगड 40-45. सगळं मिळून साडेचारशे किलो! दोन बुलेट आणि वर एक माणूस, तेही दिवसरात्र.

पहिला स्टँड मी दुकानातून तयार आणला होता. पार्टिकल बोर्डाचा, वरून सनमायका. पाणी बदलताना सांडलेले थेंब कडेने आत मुरत गेले, तळ फुगला आणि डावा कोपरा दबला. रात्री दोन वाजता टँकचा सिलिकॉनचा जोड सुटला. दोन गोल्डफिश बादलीत घालून वाचवले, बाकीचे गेले. त्यानंतरचा स्टँड मी आणि अण्णांनी घरी बांधला. अण्णा म्हणजे माझे वडील, जन्मभर सुतारकाम केलेले. त्याला आता नऊ वर्षं झाली.

लाकूड आम्ही पुण्यात भवानी पेठेतल्या टिंबर मार्केटमधून आणलं, जुना सागवान. जुनं लाकूड पुरतं वाळलेलं असतं, पीळ धरत नाही. फक्त जुने खिळे शोधून काढा, नाहीतर रंध्याचं पातं जातं. साग परवडत नसेल तर साल घ्या, पण वाळलेलाच. ओलं लाकूड वखारीत सरळ दिसतं आणि पहिल्या उन्हाळ्यात वाकतं.

रचना सोपी आहे. वर एक आणि खाली एक अशा 48 बाय 18 इंचांच्या दोन चौकटी, 3 बाय 2 च्या लाकडाच्या. तीन इंचांची बाजू उभी ठेवायची, आडवी ठेवली तर तेच लाकूड जास्त वाकतं. कोपऱ्यांत दोन्ही लाकडं निम्मी-निम्मी खाचून एकमेकांत बसवायची. चौकटीच्या मधोमध एक आडवा. दोन्ही चौकटींच्या मध्ये 24 इंचांचे सहा खांब: कोपऱ्यांत 3 बाय 3 चे चार, पुढे-मागे मधोमध 3 बाय 2 चे दोन.

सगळा जीव या खांबांत आहे. खांब चौकटीच्या बाजूला स्क्रूने ठोकायचा नाही, चौकट खांबाच्या डोक्यावर बसली पाहिजे. म्हणजे वजन लाकडातून लाकडात सरळ जमिनीपर्यंत उतरतं, आणि स्क्रूचं काम फक्त तुकडे जागेवर धरून ठेवण्याचं उरतं. कापताना पहिला खांब मापून कापा आणि उरलेले पाचही त्या पहिल्यावरूनच आखा. दुसऱ्यावरून तिसरा, तिसऱ्यावरून चौथा असं केलं की दर वेळी पेन्सिलीच्या रेघेची जाडी वाढत जाते. अण्णांनी माझे दोन खांब याच कारणासाठी बाजूला काढले होते. जोडण्याआधी सगळं कोरडंच उभं करून प्रत्येक खांबाच्या डोक्याशी पोस्टकार्ड सरकवून बघा. ते आत गेलं तर तो खांब भार घेत नाहीये.

मग चौकटीचे दोन्ही कर्ण टेपने मोजा. सारखे आले म्हणजे चौकट गुण्यात आहे, चारही कोपरे काटकोनात. जोडांना फेविकॉल मरीन लावा, आणि स्क्रूआधी बारीक ड्रिल मारा, सागवान कडेला चिरतो. मागे आणि दोन्ही बाजूंना 12 मिलिमीटरचं प्लाय चौकटी आणि खांब दोन्हींना स्क्रूने पक्कं करा. स्टँड कडेला डुलतो तो याच्याअभावी. पुढे दारं येतात, म्हणून तिथे प्रत्येक खांबावर खालच्या चौकटीपासून वरच्या चौकटीपर्यंत प्लायची सलग पट्टी. फिल्टरच्या नळ्यांसाठी मागच्या प्लायला भोकं आधीच पाडून घ्या. माथ्यावर 19 मिलिमीटरचं मरीन प्लाय, आयएस 710 (मरीन प्लायचं भारतीय मानक) शिक्का बघूनच. प्लायच्या कापलेल्या कडांना पॉलिशचे दोन हात जास्त द्या, पाणी तिथूनच शिरतं. पॉलिशचा वास पूर्ण जाईपर्यंत टँक जवळ आणू नका.

जागा भिंतीलगत, शक्यतो बीमवर. वरच्या मजल्यावर राहत असाल तर आधी इंजिनियरला विचारा, यात घाई नको. लेव्हल बॉटल लांबीत, रुंदीत आणि तिरकी, अशी तिन्ही प्रकारे ठेवा. फरक असेल तर खालच्या चौकटीखाली सनमायकाचे तुकडे सरकवा. टँक आणि स्टँडच्या मध्ये पाचर कधीही घालू नका, काचेवर एकाच ठिकाणी ताण येतो. तळाची काच थेट प्लायवर टेकत असेल तर मध्ये अर्ध्या इंचाचं थर्माकोल घाला. खाली प्लॅस्टिकची फ्रेम असलेल्या टँकला ते लागत नाही.

पाणी एकदम भरू नका. आम्ही एक तृतीयांश भरून थांबलो. चारही कोपऱ्यांत काचेवर चिकटपट्टी लावून पाण्याची रेघ मारली आणि टँकच्या तळापासून तिची उंची मोजली. उजवीकडे दोन मिलिमीटर जास्त निघालं. पाणी काढलं, उजव्या बाजूखाली सनमायकाचा आणखी एक तुकडा सरकवला आणि पुन्हा भरलं. दुसऱ्या दिवशी सकाळी चारही रेघा सारख्या होत्या, तेव्हाच अण्णांनी बाकीचं पाणी सोडू दिलं.