धनुष्याचं लाकूड पारखताना पीळ कसा पकडायचा

नवखा माणूस सगळ्यात आधी विचारतो, "कुठलं लाकूड घेऊ?" आणि उत्तरात त्याला झाडांची नावं मिळतात: यू, ओसेज ऑरेंज, हिकोरी, ॲश, एल्म, मेपल, तुती. नावं बरोबर आहेत, या सगळ्यांची उत्तम धनुष्यं होतात. पण नावावरून फक्त त्या जातीचा साधारण स्वभाव कळतो. तुमच्या हातात येते ती एक फळी, किंवा ओंडका फोडून काढलेला एक स्टेव्ह. नामांकित जातीचा वाकड्या तंतूंचा तुकडा मोडतो आणि साध्या जातीचा सरळ, निरोगी तुकडा वर्षानुवर्षं काम देतो. डेन्मार्कमधल्या होल्मगार्डच्या दलदलीत सापडलेली मध्याश्मयुगातली धनुष्यं एल्मची आहेत, सुमारे नऊ हजार वर्षांपूर्वीची. दुर्मिळ लाकडाच्या मागे लागून वर्ष घालवू नका. जे सहज मिळतंय ते तपासायला शिका, वेळ तिथे घाला.

धनुष्य ओढलं की त्याची पाठ, म्हणजे निशाण्याकडची बाजू, ताणली जाते आणि पोट, म्हणजे धनुर्धराकडची बाजू, दाबलं जातं. लाकूड निवडताना त्यातला ताणाचा भाग डोक्यात पक्का ठेवा. पाठीवरचे तंतू मुठीपासून टोकापर्यंत न तुटता गेले, तर पाठ टिकते. मध्येच कापले जाऊन कडेबाहेर पडले, की तिथून ढलपा उचलला जातो आणि पुढच्याच खेचीला धनुष्य जातं.

आता ज्या गोष्टीने मला सगळ्यात जास्त छळलं ती सांगते, आणि जरा लांबण लावून सांगते, कारण मला कुणी ती नीट समजावली नव्हती.

"रेषा सरळ बघून फळी घे," एवढंच सगळे सांगतात. तुम्ही फळी हातात घेता, वाढीची वलयं या टोकापासून त्या टोकापर्यंत रूळ टाकल्यासारखी सरळ दिसतात, आणि तुम्ही निश्चिंत होता. पण त्या रेषा वलयांच्या आहेत, तंतूंच्या नाहीत. बऱ्याच झाडांमध्ये तंतू खोडाभोवती पीळ घेत वर चढतात. वलय तसंच सरळ उभं राहतं, आणि त्याच वलयाच्या आत तंतू तिरके जातात. करवतीला पीळ कळत नाही, ती ओंडका सरळ कापते. मग अशी फळी तयार होते, जिच्यावरची प्रत्येक रेघ डोळ्यांना सरळ दिसते आणि जिचा प्रत्येक तंतू कडेतून बाहेर पडलेला असतो. अशी फळी टिलरिंगमध्ये, म्हणजे दोन्ही भुजा (मुठीच्या वरचा आणि खालचा वाकणारा भाग) सारख्या वाकेपर्यंत तासत जाताना, सुंदर वाकते, दोन्ही भुजा सारख्या चालतात, आणि पूर्ण खेचीच्या जरा अलीकडे मोडते. मोडलेला भाग जवळून बघा: फुटीचा पृष्ठभाग लांब, तिरका, गुळगुळीत असतो, कुणी पटाशीने तासून काढावा इतका स्वच्छ. तशी फूट दिसली की टिलरिंगला दोष देऊ नका. ते लाकूड दुकानातच नापास व्हायला हवं होतं.

पीळ बघायचा कुठे? आधी फळीचं टोक बघा. टोकावर वलयांच्या कमानी दिसतील. ज्या बाजूला वलयं समांतर पसरलेली आहेत, त्या बाजूवर पीळ दिसतो. त्याच्या काटकोनातल्या बाजूवर फक्त वलयांचा उतार दिसतो. बहुतेक फळ्यांत पीळ रुंद बाजूवर सापडतो, पण नेमक्या त्याच बाजूवर वलयांची मोठमोठी नागमोडी नक्षी असते आणि डोळा तिच्यात अडकतो. ती नक्षी बाजूला सारून तिच्यातले बारीक कंगोरे बघायला शिकावं लागतं. वलयं उभी कापली गेलेली फळी असेल, तर उलट होतं. रुंद बाजू झकास सरळ दिसते आणि पीळ अरुंद कडेवर लपतो, जिकडे कुणी बघतच नाही.

बघायच्या खुणा अशा. ओक असेल तर त्या बाजूवर गडद, आखूड, उभ्या रेघा दिसतात. ही किरणपेशींची (गाभ्याकडून सालीकडे जाणाऱ्या पेशींच्या पट्ट्यांची) टोकं, आणि ती तंतूंच्या दिशेनेच झुकतात. मेपलमध्येही असतात, पण फार बारीक, भिंग लागेल. ॲशमध्ये छिद्रांच्या लांबट खाचा बघा, फळी उजेडाला तिरकी धरली की त्या उठून दिसतात. वाळताना पडलेल्या बारीक भेगा तर सरळ पुरावाच, कारण भेग तंतूंच्या बाजूनेच जाते. काहीच दिसत नसेल तर रंध्याने थोडी जागा साफ करून पातळ शाईचा थेंब टाका. शाई तंतूंच्या वाटेने लांब पसरते. किंवा टोकदार सुई हलक्या हाताने ओढा, पुन्हा पुन्हा ओढा. हात सैल ठेवलात तर सुई स्वतःच तंतूंच्या खोबणीत शिरते.

पण खरी खात्री फोडून बघण्यातच. फळी गरजेपेक्षा २० सेंटिमीटर लांब घ्या, तो जादा तुकडा कापा आणि टोकावर पटाशी ठेवून हातोडीने उभा फोडा. एकदा रुंदीतून, एकदा जाडीतून. फूट कडेला समांतर गेली तर उत्तम. २० सेंटिमीटरमध्ये ती १ सेंटिमीटर सरकली, तर उतार २० ला १ झाला. माझी मर्यादा हीच आहे. १० ला १ उताराला लाकडाची वाकण्याची ताकद साधारण पाचव्या हिश्शाने घटते, ५ ला १ ला ती जवळपास निम्मी होते, आणि आघात सोसण्याची ताकद याहून भराभर पडते. दोन्ही बाजूंचे उतार एकमेकांत मिळतात, हेही लक्षात ठेवा. रुंद बाजूवर २० ला १ आणि कडेवरही २० ला १ असेल, तर खरा उतार १४ ला १ च्या आसपास जातो. दोन्हीकडे "चालेल" म्हणत गेलात, तर एकूण जे हातात येतं ते चालण्यासारखं राहत नाही.

हे वाचून घाबरू नका. एकदा डोळा बसला की चांगली फळी काही मिनिटांत ओळखता येते, आणि वाईट फळी त्याहून लवकर. शिवाय फोडून काढलेला स्टेव्ह असेल तर ही चिंता बरीच हलकी होते. पाचर तंतूंच्या वाटेनेच जाते, त्यामुळे पिळाच्या ओंडक्यातून स्टेव्हच पिळलेला निघतो. तंतू अखंड राहतात, आकार तेवढा वेडावाकडा होतो. थोडा पीळ उष्णतेने सरळ करता येतो, थोडा तसाच ठेवला तरी धनुष्य चालतं. झाड उभं असतानाच सालीच्या भेगा बघा. त्या खोडाभोवती गिरक्या घेत असतील, तर आतही तेच आहे.

टोकावर वलयं आडवी आहेत की उभी, यावर लोक तासन् तास वाद घालतात. फळीच्या बाबतीत त्याला फार महत्त्व देऊ नका. तंतू अखंड असतील, तर वलयं कशीही असोत, धनुष्य होतं. स्टेव्हचं गणित वेगळं आहे. ओसेज ऑरेंज किंवा लोकस्ट या झाडांमध्ये सालीलगतचं फिकट लाकूड काढून गडद लाकडातलं एकच वलय पाठीवर अखंड ठेवायचं. एल्म, ॲश, हिकोरी, मेपल यांत साल काढली की खालचा पृष्ठभाग हीच तयार पाठ. तिला रंधा लावू नका. यूमध्ये फिकट लाकूड पाठीला आणि गडद लाकूड पोटाला.

वलयं बारीक असली की लाकूड चांगलं, हा गैरसमज फार खोल रुतलेला आहे. यूला तो लागू पडतो. ॲश, ओक, एल्म, लोकस्ट यांच्या बाबतीत गोष्ट उलटी आहे. या झाडांच्या प्रत्येक वलयात सुरुवातीला सच्छिद्र पट्टा असतो आणि नंतर घट्ट पट्टा. झाड हळू वाढलं की घट्ट पट्टाच आकसतो, सच्छिद्र पट्टा फारसा बदलत नाही. म्हणजे बारीक वलयांच्या ॲशमध्ये भोकंच जास्त. टोकाचा कोपरा धारदार पात्याने साफ कापा, भिंग धरा आणि घट्ट भाग वलयाच्या किमान तीन चतुर्थांश आहे का ते बघा. मेपलसारख्या लाकडात छिद्रं सगळीकडे सारखी विखुरलेली असतात, तिथे वलयांवरून फारसं काही कळत नाही. तिथे वजन करा.

वजन ही सगळ्यात प्रामाणिक कसोटी आहे आणि सगळ्यात जास्त टाळली जाणारीही. २ बाय २ बाय २० सेंटिमीटरचा वाळलेला नेटका तुकडा कापा. आकारमान ८० घनसेंटिमीटर. काट्यावर ४८ ग्रॅम भरला तर घनता ०.६०. ॲश साधारण तेवढ्यावर असते, हिकोरी ०.७ च्या वर. आपल्या जातीच्या मानाने तुकडा बराच हलका निघाला, तर आत सच्छिद्र भाग जास्त आहे किंवा बुरशीने लाकूड खाल्लंय. मग अंगठ्याएवढ्या रुंदीची पातळ पट्टी फोडून काढा आणि मोडेपर्यंत वाकवा. निरोगी लाकूड कुरकुरत, लांब कुसळं काढत मोडतं. मेलेलं लाकूड कट्टकन, आडवं मोडतं. ते घेऊ नका, कितीही सरळ असलं तरी.

ओलीबद्दल थोडक्यात. धनुष्याला ८ ते १० टक्के ओल हवी. जास्त ओल असली तर पोट दबून धनुष्य कायमचं वाकडं बसतं. हिकोरीला याहून कोरडं चालतं, मानवतंही. "वजन कमी व्हायचं थांबलं म्हणजे वाळलं" हे अर्धंच खरं आहे. लाकूड भोवतीच्या हवेशी जुळलं, एवढाच त्याचा अर्थ. हवेत ८० टक्के आर्द्रता असेल तर लाकूड १६ टक्क्यांच्या आसपासच थांबणार. दोन पिनांच्या मीटरवर माझा फार विश्वास नाही. पिना पोहोचतात तेवढ्याच खोलीचं तो सांगतो, आणि लाकडाची जात बदलली की आकडाही सरकतो. त्याच लाकडाचा लहान तुकडा वजन करून १०३ अंशांच्या ओव्हनमध्ये वजन स्थिर होईपर्यंत ठेवा. घटलेल्या वजनाला कोरड्या वजनाने भागा, शंभराने गुणा. आणि ओला स्टेव्ह भर उन्हात ठेवून घाई करू नका. तो वाळण्याआधी फाटतो.

वाईट फळीला कापडाची किंवा कातड्याची पाठ चिकटवून ती वाचवता येईल, असं कुणीतरी तुम्हाला नक्की सांगेल. मला हा सल्ला मनापासून खटकतो. जेमतेम उतरलेल्या फळीला अशी पाठ आधार देते, ढलपा धरून ठेवते, एवढं मान्य. पण १० ला १ चा उतार कापडाने सरळ होत नाही, आणि नवखा माणूस त्या भरवशावर जोरात खेचतो. फोटो बघून "छान आहे, सुरू कर" म्हणणाऱ्यांपासूनही जरा सांभाळा. फोटोत वलयं दिसतात, पीळ दिसत नाही. तुकडा हातात घेऊन, उलटापालटा करून "हा नको" म्हणणारा माणूस भेटला, तर त्याला धरून राहा. तो नकार देताना कुठे बोट ठेवतो, ते बघत राहा.

गाठी आणि भेगा यांचा निकाल जागेवर अवलंबून असतो. दोन वलयांच्या मधून गेलेली चीर, म्हणजे थर सुटलेले: नापास. रंधा मारलेल्या जागी तंतूंना आडव्या बारीक सुरकुत्या: नापास, तिथे लाकूड आधीच दबून तुटलेलं आहे. कडेबाहेर जाणारी भेग: नापास. पाठीच्या मध्यावरून लांबीला समांतर जाणारी उथळ वाळणीची भेग मात्र बहुधा त्रास देत नाही. भुंग्याची भोकं सालीलगतच्या फिकट भागापुरती असतील आणि तो भाग तुम्ही काढणारच असाल, तर पुढे जा. फळीत कडेला टेकलेली गाठ कधीच नको, कारण तिच्याभोवती वळसा घालून गेलेले तंतू करवतीने कापलेले असतात. स्टेव्हमध्ये तीच गाठ निरोगी असली, तर तिच्याभोवती लाकूड जरा जास्त ठेवून सांभाळता येते.

म्हणून नापास म्हणण्याआधी धनुष्याचा आकार जाड कागदावर पूर्ण मापाने कापून घ्या आणि तो तुकड्यावर सरकवून बघा. मूठ वाकत नाही, तिथे गाठ चालते. टोकाकडच्या १२-१५ सेंटिमीटरवर ताण कमी असतो, तिथेही बरंच खपतं. सगळ्यात जपायचा तो भुजेचा मधला भाग. कागद उलटा फिरवा, एक सेंटिमीटर डावीकडे घ्या, थोडा खाली घ्या. पुष्कळदा एवढ्यानेच वाईट जागा भुजेतून निघून मुठीत किंवा टाकाऊ भागात जाते. तरीही मन पूर्ण राजी नसेल आणि तुकडा सोडवतही नसेल, तर भुजा ५ सेंटिमीटर रुंद ठेवा, लांबी १७५ सेंटिमीटरच्या खाली आणू नका आणि खेच, म्हणजे धनुष्य पूर्ण ओढायला लागणारा जोर, ३० ते ३५ पौंडांवर थांबवा.