माळ्यावरची जुनी पोस्टरं वाचवायची कशी

वॉर्सॉच्या विलानूवमध्ये १९६८ साली पोस्टरचं म्युझियम उघडलं, जगातलं पहिलं म्हणतात. आपल्याकडे मात्र दशावताराची, नाटकांची पोस्टरं माळ्यावर सुरळ्या होऊन पडलेली आणि त्यातली निम्मी कसरीने खाल्लेली. मिरगाआधी एक रविवार काढा, बास.

सुरळी जोर लावून उलगडू नका, जुना कागद कडेला बिस्किटासारखा तुटतो. दोन-तीन दिवस पंख्याखाली नुसती ठेवा, मग हळूहळू सपाट करून कडांवर वजन. मऊ ब्रशने धूळ मधून बाहेर झाडायची, ओलं फडकं अजिबात नाही, शाई पसरते. मग मोबाईलवर नीट फोटो काढून ठेवा, कारण पुढे काय होईल सांगता येत नाही.

फाटलंय? सेलोटेप नको, काही वर्षांनी पिवळा चिकट डाग राहतो तो जातच नाही. मागच्या बाजूने पातळ जपानी कागद (लांब धाग्यांचा, पातळ पण चिवट) आणि गव्हाच्या स्टार्चची पातळ खळ, पण अगदी बोटभर, जास्त लावली तर कसरीला जेवणच.

लॅमिनेशनही नको. मी हौसेने एक केलं, आता ते उलटवता येत नाही आणि आत ओल धरून बुरशीचे ठिपके आलेत, रोज बघून जीव जळतो.

फ्रेम केलीत तर चिऱ्याच्या बाहेरच्या भिंतीवर नको, तीच सगळ्यात जास्त ओल धरते. आतल्या भिंतीला लावा, फ्रेमच्या मागे बुचाचे तुकडे ठोकून बोटभर हवा सोडा. आणि काच पोस्टरला टेकू देऊ नका.